अकरावी ओळ

आमच्या भेंडीच्या मळ्यात दर पावसाळ्यात हरळीची एक रेघ उगवते. वरच्या दगडी गडग्यापासून खालच्या ओहळापर्यंत, सुतळी ताणल्यासारखी सरळ. बाकीचं तण मिळेल तिथे डोकं काढतं. ही मात्र रेघेतच येते. अठ्ठावीस वर्षं मी ती कोणाच्या नजरेस पडायच्या आत कापत आलो. या वर्षी कापली नाही. कापायची नाही असं ठरलं आहे, आणि ते ठरवणारा मी नाही. ते कसं ठरलं, हे लिहून ठेवायला बसलो आहे.

पेडणे तालुक्यात डोंगराच्या उताराखाली आमचा मळा. झरीच्या पाण्यावर हिवाळ्यात मिरची, पावसाळ्यात सात शिरांची भेंडी. शेजारचा मळा वयनीचा. नात्याने ती माझ्या दूरच्या चुलतभावाची बायको, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. वाड्यावरची सगळी वस्ती तिला वयनी म्हणते, मीही म्हणतो. दोन्ही मळे मुळात एकच. माझ्या आणि तिच्या नवऱ्याच्या आजोबांनी ते वाटून घेतले तेव्हा मध्ये दगड पुरला नाही. आमच्याकडे गावाला राखणदार असतो. डोळ्यांना न दिसणारा, हातात दांडा, खांद्यावर घोंगडी घेऊन गावाच्या शिवेवरून आणि शेतांच्या मेरांवरून, बांधांवरून चालणारा. चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून वर्षातून एकदा त्याच्या घुमटीपाशी नव्या वहाणा ठेवतात. त्याची वाट आमच्या मळ्यातून जाते असं जुनी माणसं सांगत, आणि त्याच्या वाटेवर दगड पुरायचा नाही, ठेच लागते. तेव्हा दोन्ही आजोबा वरून खाली एकामागून एक चालत गेले, आणि त्यांची पावलं पडली तिथे मातीची मेर घातली. घोट्याएवढी उंच, दोन वितींची रुंद. सर्व्हेच्या नकाशात दोन्ही मळे एकाच नंबरात आहेत, मधली रेघ नाही. रेघ म्हणजे ती मेर, आणि मेरेवरची हरळी.

हरळी म्हणजे दूर्वाच. चतुर्थीला दोन्ही घरांतल्या गणपतीला दूर्वा त्या मेरेवरच्याच जात.

मी सुर्ल्याला खाणीवर वर्कशॉपमध्ये फिटर होतो. आठवडाभर तिथेच राहायचं, शनिवारी संध्याकाळी दोन बसगाड्या बदलून घरी. मळ्याला माझा एकच दिवस मिळे, रविवार. मिरचीत तण काढायचं म्हणजे उकिडवं बसून खुरप्याने एकेक ओळ सरकत जायचं. माझे गुडघे तेव्हापासूनच वाईट. खाणीवर टिपर ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे पडलेले असत. त्यातला एक पाटा मी वितीएवढा कापून घेतला, घासून धार काढली, आणि सायकलच्या जुन्या चाकामागे दोन पट्ट्यांवर बसवला. वर सायकलचंच हँडल. ढकललं की चाक पुढे पळे आणि पातं जमिनीच्या दोन बोटं खालून तणाची मुळं कापत येई. उभ्याने काम. एका रविवारी मी ज्या ओळी करत असे, त्या आता आंघोळीआधी होऊ लागल्या.

पहिल्या वर्षी लोक हसले. मळ्यात सायकल चालवता की काय, असं विचारलं. दुसऱ्या वर्षी मागायला आले. तिसऱ्या वर्षी मी वाड्यावर तशी चार चाकं करून दिली, आणि लोक रोपं लावताना माझ्या चाकाला जागा राहील असं अंतर धरू लागले. ओळीओळीत दोन विती. मला त्याचा अभिमान होता. अजून नाही असं म्हणणार नाही.

माझ्या मळ्यात बारा ओळी बसत आणि मेरेलगत एक पट्टी उरे. ती पट्टी माझ्या पात्यापेक्षा चार बोटांनी अरुंद होती. अख्खा मळा उभ्याने होई आणि शेवटच्या पट्टीसाठी मला पुन्हा खुरपं घेऊन खाली बसावं लागे. मेरेवरची हरळी तिथे उतरून मिरचीच्या मुळांत शिरे. एका रविवारी मी चाक तसंच घातलं. पात्याने मेरेची बाजू चार बोटं तासली. खाली पडलेली माती मी खोऱ्याने उचलून मेरेच्या पलीकडच्या अंगाला लावली, मेर रोड दिसू नये म्हणून. त्या दिवशी माझ्या मनात काही वाईट नव्हतं. एवढंच वाक्य मी स्वतःच्या बाजूने लिहितो आहे. पुढची तशी नाहीत.

वयनीचा नवरा त्याच वर्षी गेला. तो असता तर त्याने दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं, कारण मेर दर वर्षी तोच धरायचा. तो गेल्यावर मी म्हटलं, मेरेचं मी बघतो, वयनी, तुम्ही कशाला खोरं उचलता. ती म्हणाली, देव तुमचं बरं करो, भावजी. पुढच्या वर्षी मी पुन्हा चार बोटं घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी, आणखी हातभर जागा मिळाली तर तेरावी ओळ बसेल हे मला दिसलं. मी दोरी लावून मोजलं, ती झरीवर गेलेली पाहून. म्हणजे मला माहीत होतं. त्या एका ओळीची मला गरज नव्हती. मला पगार होता, आणि त्या ओळीच्या मिरचीने आमच्या घरची एक बरणी भरली असती नसती. पण मळा माझ्या चाकाच्या मापात बसत नव्हता आणि ते मला सहन होत नव्हतं. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या माणसाला असतं तसं. सुटा भाग बसत नसला की घासायचा. मी वयनीची जमीन घासली.

पाचव्या वर्षी माझी तेरावी ओळ लागली. त्याच हिवाळ्यात वयनीच्या लक्षात आलं.

ती शाळेत गेलेली नव्हती, पण ओळी मोजत असे. रोपं लावताना एकेका ओळीला एकेक खडा पदरात टाकायची, दर वर्षी अकरा. त्या वर्षी दहा खडे झाले आणि पुढे मेर आली. तिने ओळी पुन्हा मोजल्या, उलट्या बाजूने. मग मला हाक मारून विचारलं, आणि मी म्हटलं, अंतर जास्त धरलं असेल. तिने विती टाकून अंतर मोजलं. ते बरोबर होतं.

देवळात सप्त्याच्या तयारीला माणसं जमली होती तेव्हा ती तिथे आली आणि मंडपाच्या खांबापाशी उभी राहून म्हणाली, "माझ्यो अकरा ओळी होत्यो. आता धा आसत. माझी एक ओळ खंय गेली, ता देवाक विचारा." तिला कौल लावायला हवा होता. आमच्याकडे अडलेली गोष्ट देवावर घालतात, मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतात, आणि उजवी पडली की डावी यावर उत्तर मिळतं. पुजारी हातातलं काम ठेवून आत जायला निघालाही होता. जमीन कोणी घेतली, असं तिने म्हटलं नव्हतं. माझ्याकडे बघितलंही नव्हतं. पण पाकळी कुठे पडेल हे मला ठाऊक होतं, निदान तसं वाटलं.

मी म्हटलं, "वयनी, ओळीक काय पाय फुटले?"

मंडप हसला. पुजारीही हसला आणि परत खाली बसला. कोणीतरी म्हणालं, गेली असेल बाजाराला, येईल संध्याकाळच्या बसने. वयनी जराशी उभी राहिली. मग पदर सारखा करून गेली. कौल लागला नाही.

मला आजवर जे ऐकू येतं ते हे हसणं. त्या हसण्याने तिचं नाव पडलं, ओळीवाली. श्राद्धा-लग्नात ती वाढायला आली की पंगतीतून विचारत, "वयनी, किती ओळी बसल्यो?" सुना-मुलीसुद्धा विचारत. पुढे पुढे ती वाढायला येईनाशी झाली, मागच्या दारी भांड्यांपाशी बसायची. नवरा गेल्यावर हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोक म्हणू लागले. मी होय म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

शेवटी तिने स्वतःच एक कारण काढलं. एके दिवशी ती आमच्या सोप्यावर येऊन माझ्या बायकोला सांगू लागली की तिला आता कळलं. नवरा गेल्यापासून तिच्या घरून राखणदाराला वहाणा गेल्याच नव्हत्या. तो अनवाणी चालला, रागावला आणि आपली वाट तिच्या अंगाला सरकवून चालू लागला. मेर म्हणजे त्याची वाट, ती सरकली तर तोच सरकवणार, माणूस कसा सरकवील? असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव होता. माझी बायको चहा ओतत होती, तिने मान वर केली नाही.

मी तिला स्कूटरवरून बांद्याच्या बाजारात घेऊन गेलो. तिला न्यायला दुसरं कोणी नव्हतं. चर्मकाराने वहाणांचं माप विचारलं. राखणदाराच्या वहाणा माणसापेक्षा मोठ्या लागतात, पण कशावरून मोठ्या, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वयनी म्हणाली, ह्यांचा पाय घ्या आणि वर दोन बोटं धरा. मी पाय मागे घेतला. ती म्हणाली, "ठेवा हो भावजी, देवाचा काम." त्याने कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारली. पेन्सिल तळव्याच्या कडेने फिरताना मला गुदगुल्या झाल्या नाहीत. थंड वाटलं. तो कागद त्याने खुंटीला लावला आणि पुढे दर वर्षी त्यावरूनच वहाणा केल्या. घुमटीपाशी जाऊन पाहिलं तर माझ्या पायाचे जोड ओळीने ठेवलेले. जुन्यांचे तळ झिजलेले असत. पावसाने झिजतात, वाळवीने झिजतात. पण मी ते निरखून पाहायचो.

तेवढ्यावर ती थांबली नाही. राखणदाराला मोकळं चालता यावं म्हणून मेरेलगतची आणखी एक ओळ तिने लावायची सोडली. दहाच्या नऊ झाल्या. त्या पट्टीत तण माजे, मग ते मी माझ्या चाकाने काढून देऊ लागलो. न सांगता. लोक म्हणाले, शेजारी असावा तर असा.

याच सुमारास ती रेघ उगवू लागली.

मेर मी हळूहळू सरकवली, पण जिथे ती आधी होती तिथे जमिनीत खोल हरळीच्या गाठी राहून गेल्या होत्या. माझं पातं दोन बोटं खाली चाले. हरळी हातभर खाली असते. पहिल्या पावसानंतर आठव्या-दहाव्या दिवशी माझ्या भेंडीत, मेरेपासून एक ओळ आतल्या अंगाला, हिरवी रेघ दिसे. आजोबांच्या चालण्याची. मी पातं चालवी, रेघ जाई. दहा दिवसांनी पुन्हा. मुळासकट काढायची तर तिथे हातभर खोल चर खणावा लागला असता, आणि चर कशासाठी, असं कोणीही विचारलं असतं. म्हणून मी फक्त वरून कापत राहिलो. खाण बंद पडून घरी बसल्यावर तर रोज उजाडता उजाडता चाक घेऊन खाली जायचो. बाकीचा मळा एकदा, ही रेघ दोनदा.

एका चतुर्थीच्या आदल्या दिवशी मला ताप होता. चार-पाच दिवस खाली गेलो नव्हतो. जनेलाच्या गजांमधून बाहेर पाहिलं तर वयनी माझ्या भेंडीत वाकलेली. मी तसाच धावलो. ती रेघेवर उभी राहून दूर्वा खुडत होती. म्हणाली, मेरेवरच्यो सुकल्यो, हंय बऱ्यो आयल्यो. एकवीस मोजून झाल्यावर तिने सरळ वर पाहिलं, गडग्यापर्यंत, मग खाली ओहळापर्यंत. मला वाटलं, आता बोलेल. तिने मुठीतल्या दूर्वा ओल्या पानात गुंडाळल्या आणि गेली. तिला कळलं की नाही, ते मला त्या दिवशीही समजलं नाही. दुपारी ताप असतानाच मी ती रेघ कापून टाकली.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. माझ्या चाकाचा आस कुरकुरायचा. वयनीचं घर मळ्याला लागून. ती बायकोला सांगू लागली की पहाटे राखणदार चालतो, नव्या वहाणा करकरतात, तिने स्वतः ऐकलं. मी घाबरून आसाला तेल घातलं. मग पंधरा दिवस ती अस्वस्थ. तो चालायचा थांबला, माझं काय चुकलं, म्हणून उपास धरला. तिचं तोंड उतरलेलं मला बघवेना. एका सकाळी मी ओहळावर बसून आसाचं तेल फडक्याने पुसून काढलं, वर थोडी वाळू टाकली. दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा कुरकुरलं आणि वयनीने उपास सोडला. त्यानंतर मी त्या चाकाला कधी तेल घातलं नाही. ते मी दयेने केलं की भीतीने, याचा विचार करत मी म्हातारा झालो.

आता या वर्षाचं.

माझे गुडघे पूर्ण गेले. उन्हाळ्यात डॉक्टरांनी चाक ढकलायचं बंद करायला सांगितलं. मुलगा मुरगावला बंदरात नोकरीला आहे, रविवारी येतो. त्याने शेती खात्याच्या योजनेतून पेट्रोलवर चालणारा पॉवर वीडर आणला. खाली फिरणारी वाकडी पाती, माती उलथीपालथी करतात. बाबा, चाक आता माळ्यावर टाका, म्हणाला. आषाढातल्या एका रविवारी त्याने अख्खा मळा तासाभरात करून टाकला. मी बांधावर बसून होतो. रेघ वर आलेली होती. त्याने यंत्र सरळ तिच्यावरून नेलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो.

हरळी कापायची नसते, हे मला माहीत असायला हवं होतं. माझं पातं तिला वरून खुडत होतं. या यंत्राने जमिनीखालची मुळं वर आणून बोटबोटभर तुकडे केले आणि दोन्ही बाजूंना पसरले. प्रत्येक तुकड्याला कोंब. तीन आठवड्यांनी मुलगा पुन्हा मळ्यात उतरला तेव्हा भेंडीत दोन वितींचा रुंद, दाट, हिरवा पट्टा होता, वरपासून खालपर्यंत. मेरेएवढा रुंद. नुसता उंचवटा नव्हता, एवढंच.

मुलगा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग त्याने विचारलं, "बाबा, इथे आधी काय होतं?"

मी म्हटलं, काही नाही, पाणी मुरतं तिथे. तो औषध मारू या म्हणाला. मी नको म्हटलं. तो परत गेला. संध्याकाळी बायको दिवा लावून आली आणि माझ्याजवळ बसली. आमच्या लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली, तिने मला कधी उलट विचारलं नाही. ती म्हणाली, "तुमी दर वर्सा थंयच दोनदा चाक फिरवतात. माका काय दिसत नाय?" मग म्हणाली की वयनीने गेल्या महिन्यात विचारलं, यंदा वहाणा करकरत नाहीत, राखणदाराला काय झालं. पुन्हा उपास धरायचा म्हणते. तिचं आता वय आहे का उपासाचं?

मी त्या रात्री झोपलो नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर वयनीकडे गेलो.

ती सोप्यावर लाकडी खुर्चीत, कदेलात बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. मी काय बोलायचं ते जुळवून गेलो होतो. हळू बोलणार होतो, दोघांपुरतं. मेरेबद्दल सांगायचं आहे म्हटलं. तिने कानामागे हात धरला. आता तिला फार कमी ऐकू येतं, हे मी विसरलो नव्हतो. पण ते माझ्या योजनेत नव्हतं. मी जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "काय? मोठ्यान सांगा, भावजी."

तेवढ्यात संध्याकाळचा पाववाला पोदेर आला. त्याच्या सायकलचा भोंगा वाजला आणि पावासाठी पाच-सहा बायका वयनीच्या अंगणाच्या कडेला जमल्या. मी थांबलो असतो तर पुन्हा आलो नसतो, एवढं मला स्वतःबद्दल माहीत होतं. मी तिच्याकडे वाकलो आणि ओरडलो, "वयनी, तुमची ओळ मी चोरलंय. राखणदारान नाय. मी."

पोदेराने टोपलीवरचं प्लास्टिक उचललं होतं, ते तसंच हातात धरून तो उभा राहिला.

वयनीने सोललेली आठळी ताटात ठेवली. म्हणाली, "अकरा होत्यो."

"होय. अकरा."

"धा नाय."

"धा नाय, वयनी."

तिने ताट बाजूला केलं. मी उरलेलंही सांगितलं, सगळं ओरडून, कारण दुसरा मार्ग नव्हता. चार बोटं, दोरी, देवळातलं माझं बोलणं, आस आणि वाळू. आजूबाजूच्या दारांत माणसं येऊन उभी राहिलेली मला दिसत होती. वाळूचं सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटले. मला वाटलं, रडेल. तिने डोळे उघडले आणि माझ्या पायांकडे पाहिलं. मी पायरीखाली वहाणा काढून अनवाणी उभा होतो.

"म्हंजे माप चुकला नाय," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. मी मान खाली घातली. मग तिने विचारलं की पहिली मेर होती ती जागा मला दाखवता येईल का. मी म्हटलं, दाखवायला नको, तिथे हरळी आलीय, सरळ रेघेत. पोदेर पाव मोजून देऊ लागला, पण हळू.

"ती काढू नका," ती म्हणाली. "चवथीपर्यंत तशीच ऱ्हांव दी. कोणी औषध मारूचा नाय. तुमच्या झिलाक सांगा." मग पुन्हा आठळ्या सोलायला घेतल्या. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

तेव्हापासून मी रोज जनेलात बसतो आणि हरळी वाढताना बघतो. अठ्ठावीस वर्षं मी तिला बोटभराच्या वर येऊ दिलं नाही, त्यामुळे ती पूर्ण वाढल्यावर कशी दिसते हे मी विसरलो होतो. ती भेंडीच्या बुंध्यांना टेकली, त्यांच्यावर चढली. दोन ओळी पिवळ्या पडल्या. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण गडग्यापाशी थांबे, वरून खाली बघे आणि पुढे जाई. मुलाला मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन बाहेर गेला, यंत्र धुतलं आणि त्यावर ताडपत्री घातली. पहाटे मला अजून जाग येते. चाक माळ्यावर टांगलेलं आहे, त्याला कोणी हात लावत नाही. तरी खालून कुरकुर ऐकू येते. मी बायकोला उठवून विचारत नाही, तुला येते का म्हणून.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी वयनी काठी टेकत माझ्या मळ्याच्या वरच्या टोकाला आली. एकटी नव्हती. तिने वाड्यावर घरोघर सांगून पाठवलं होतं की यंदा दूर्वा इथून न्यायच्या. अठरा-वीस माणसं असतील. पट्टा अरुंद, दोन्ही बाजूंना भेंडी, त्यामुळे सगळ्यांना एकामागून एक उतरावं लागलं. पुढे वयनी. ती वाकून तीन खुडायची, चार पावलं चालायची, पुन्हा वाकायची. मागचे तिच्या वेगाने. मी मळ्यात गेलो नाही, मला बोलावलं नव्हतं. जनेलाचे गज धरून उभा होतो. वरून खाली एक रांग, आजोबा चालले होते तिथूनच. ओहळापाशी पोचून ती माणसं त्याच वाटेने परत आली.

रांगेत शेवटी पुजारी होता. देवळात त्या दिवशी कौल लावायला उठलेला आणि परत बसलेला, तोच, आता माझ्याएवढाच म्हातारा. आमच्या घरासमोरून जाताना तो थांबला. हातात दूर्वांची जुडी होती. त्याने रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझेच शब्द मला परत दिले. "ओळीक पाय फुटले," म्हणाला. टोमणा मारल्यासारखं नाही. कौल सांगतात तशा आवाजात.

त्यांच्या पावलांनी हरळी दबली आणि तिथे वाट दिसू लागली. आता पाऊस सरला की त्या वाटेवर मेर घालायची आहे. यंत्राने नाही, खोऱ्याने, आणि माती माझ्या बाजूची. मुलगा करीन म्हणाला. मी म्हटलं, तू फक्त घमेली उचल. यंदाच्या वहाणांचं वयनी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. क्षमेचंही विचारलं नाही.

मार्गशीर्षात मिरचीची रोपं लागतील. वयनीने बायकोकडे निरोप ठेवला आहे की दोरी भावजींनी धरायची, ओळी मोजणार ती स्वतः. अकरा खडे तिने आताच वेचून आपल्या जनेलात ठेवले आहेत. आमच्या अंगणातून दिसतात.